आशा पुथली आणि आवाजाची मजुरी

२०२५ च्या जानेवारीत नेरूळच्या डी. वाय. पाटील क्रीडांगणावर कोल्डप्ले ही इंग्रज गाणाऱ्यांची मंडळी तीन रात्री गाऊन गेली. १८, १९ आणि २१ तारखेला. त्यापूर्वी १५ डिसेंबर २०१९ रोजी याच मैदानात यू-टू हे आयरिश लोक येऊन गेले होते. त्या दिवसांत नेरूळच्या स्टेशनात उभे राहायला जागा नव्हती, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. आमच्या युनियनमधला एक तरुण माथाडी आहे. वाशीच्या बाजारात गोणी उचलतो आणि उरलेल्या वेळात त्याच्या कानात मोबाइलची तार असते. त्याने आम्हांला विचारले, "भाऊ, आपल्या मुंबईचं कुणी असलं गाणं म्हणायला तिकडं गेलं नाही का?"

आमचे शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते वाचनालयाच्या बाकावर. त्यामुळे प्रश्न आला की आम्ही पुस्तके धुंडाळू लागतो. तशी धुंडाळता धुंडाळता जी बाई आम्हांला सापडली, तिच्याविषयी आज दोन शब्द सांगावयाचे आहेत. नाव आशा पुथली. आशाबाई म्हटले की आपल्या मनात दुसराच आवाज घुमू लागतो. म्हणून आम्ही त्यांना पुथलीबाई म्हणू.

पुथलीबाईंचा जन्म मुंबईचा, १९४५ सालचा. घराणे मूळ मंगळूरकडचे. कमलादेवी चट्टोपाध्याय या त्यांच्या नात्यातल्या. लहानपणी त्यांना आपल्या शास्त्रीय गायनाची तालीम मिळाली आणि पाश्चात्य ऑपेराचीही. शिवाय रेडिओवरचे जॅझ कानांवर पडत होतेच. आपल्याकडे दोन घराण्यांची गायकी एका गळ्यात आली तरी भुवया उंचावतात. या मुलीच्या गळ्यात तर दोन खंड होते.

त्या वेळच्या मुंबईत हे गाणे होते कुठे? हॉटेलांत. ताजमहाल हॉटेलात १९३० नंतरच्या वर्षांपासून जॅझ वाजत आले होते, आणि वाजविणारे बहुतेक गोव्याचे. चर्चमधल्या शाळेत स्वरलेखन वाचायला शिकलेली ही माणसे दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला आणि रात्री हॉटेलात, अशी दोन पाळ्यांत राबत. चिक चॉकलेट हे त्यांतले मोठे नाव. सी. रामचंद्रांच्या १९५१ सालच्या 'अलबेला'मागे त्यांचे कर्णे आहेत. ज्यांनी आपल्या सिनेसंगीताला निम्मा रंग दिला, त्यांची नावे पडद्यावर क्वचितच आली. हे सांगताना आम्हांला राग येतो, तो लपवीत नाही.

साठच्या दशकात या हॉटेली जॅझच्या शेजारी दुसरे एक पीक आले. चार पोरे, तीन गिटारी, एक ड्रम. बीटल्सच्या तबकड्या ऐकून तयार झालेले 'बीट ग्रुप'. 'द सॅव्हेजेस' हा त्यांपैकी मुंबईतला नावाजलेला संच. पुढे १९७० आणि १९७१ साली इंपीरियल टोबॅको कंपनीने 'सिमला' सिगारेटच्या जाहिरातीसाठी अशा संचांच्या अखिल भारतीय स्पर्धा भरविल्या. आमच्या देशातल्या रॉक संगीताचे पालकत्व विडीकाडीच्या धंद्याने केले, ही गंमत नोंदवून ठेवण्यासारखी आहे. पुथलीबाईंनी या सॅव्हेजेसबरोबर एक छोटी तबकडी केली. तीत 'एंजल ऑफ द मॉर्निंग' हे अमेरिकेत तेव्हा गाजत असलेले गीत होते. आम्ही ते ऐकले आहे. मागे रॉकचा ठेका, आणि वर आवाज असा की मींड कुठे घ्यावी हे त्याला ठाऊक आहे.

पण मुंबईत अशा गायिकेच्या पोटापाण्याचे काय? चित्रपटाला हा आवाज नको होता आणि हॉटेलाला तो जेवणाच्या टेबलापुरता हवा होता. पुथलीबाई ब्रिटिश विमान कंपनीत हवाई सुंदरी झाल्या. पुढे मार्था ग्रॅहम या थोर नर्तिकेच्या संस्थेची शिष्यवृत्ती मिळाली, तेव्हा त्या न्यूयॉर्कला पोहोचल्या; गाण्याच्या नव्हे, नृत्याच्या दाराने.

दरम्यान वेद मेहता हे दृष्टिहीन लेखक मुंबईच्या जॅझविषयी लिहिताना त्यांच्याविषयी लिहून गेले होते. १९७० साली निघालेल्या त्यांच्या 'पोर्ट्रेट ऑफ इंडिया' या ग्रंथात तो मजकूर आहे. न्यूयॉर्कला कोलंबिया कंपनीत जॉन हॅमंड नावाचे गृहस्थ होते. बिली हॉलिडे आणि बॉब डिलन यांना पुढे आणणारे ते हेच. त्यांनी पुथलीबाईंना ऑर्नेट कोलमन यांच्याकडे धाडले. कोलमन हे सॅक्सोफोन वाजविणारे कृष्णवर्णीय कलावंत. उमेदीच्या काळात लॉस एंजेलिसच्या एका दुकानात लिफ्ट चालवून पोट भरलेले. ठरावीक स्वरबंध मोडून वाजविण्याची त्यांची रीत अनेक जाणत्यांनाही झेपली नव्हती. १९७१ साली त्यांच्या 'सायन्स फिक्शन' या तबकडीसाठी पुथलीबाईंनी दोन गीते गायिली. जिथे सुरांची वाट आखलेली नाही, तिथे आलापीची तालीम झालेली मुलगी बुजली नाही. आम्हांला तरी त्यात नवल वाटत नाही. राग उलगडणाऱ्याला न लिहिलेल्या वाटेने जायची सवयच असते. 'डाउनबीट' मासिकाच्या समीक्षकांच्या कौलात एला फिट्झजेराल्ड यांच्या जोडीने त्यांचे नाव आले.

यानंतर कंपनीने अमेरिकेत दारे उघडावीत की नाही? पण या बाईला कोणत्या कप्प्यात ठेवून विकावे, हे तिथल्या कंपन्यांना उमगले नाही. १९७३ सालची त्यांची स्वतःच्या नावाची पहिली तबकडी सीबीएसने युरोपात काढली, लंडनला ध्वनिमुद्रित करून. तिच्यात बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसन यांचे एक गीत आहे. तिच्या वेष्टनावरची रंगभूषा पिएर लारोश यांची. रॉकगायक डेव्हिड बोवी यांचा चेहरा रंगविणारे ते हेच. येथपासून पुथलीबाई गायिका तेवढ्या राहिल्या नाहीत. पोशाख तयार करणारे, छायाचित्रकार, चित्रकार अँडी वॉरहॉल यांचा गोतावळा, स्टुडिओ ५४ ची रात्रीची गर्दी, या सगळ्यांत त्यांचा चेहराही गाण्याइतकाच ओळखीचा झाला.

आमच्यात काही मंडळी मॉडेल म्हटले की नाक मुरडतात. आम्ही ते करीत नाही. दिव्यांच्या उन्हात तासन् तास उभे राहणे हे काम आहे. हमालाचे हत्यार त्याची पाठ, तसे तिचे हत्यार तिचा चेहरा. आणि दोन्ही हत्यारे वयाबरोबर झिजतात.

१९७६ साली जर्मनीत तयार झालेली 'द डेव्हिल इज लूज' ही त्यांची तबकडी निघाली. तीत 'स्पेस टॉक' नावाचे गीत आहे. न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड मँक्युसो हे आपल्या राहत्या जागेत नाचाच्या रात्री भरवीत. तिथे ते फार वाजले. ऐंशीच्या दशकात मुलाला वाढविण्यासाठी पुथलीबाई गाण्यातून बाजूला झाल्या. आवाज मात्र बाजूला झाला नाही. मार्च १९९७ मध्ये नोटोरियस बी. आय. जी. या रॅप गायकाचा गोळ्या घालून खून झाला आणि सोळा दिवसांनी त्याची तबकडी बाजारात आली. तिच्यातल्या एका गाण्याखाली 'स्पेस टॉक'चा तुकडा कापून जोडलेला आहे. मुंबईची बाई, जर्मनीतली तबकडी, ब्रुकलिनचा पोरगा, आणि मध्ये एकवीस वर्षे.

येथे आमच्यातला युनियनवाला जागा होतो. गोणी एकदा उचलली की काम संपले. तिची मजुरी ठरते. गाणे एकदा गायिले की काम संपते का? ते हजार वेळा वाजते. आपल्याकडे गायकाला पूर्वी उक्ते पैसे मिळत आणि पुढची मिळकत कंपनीची. साठच्या दशकात लता मंगेशकर यांनी गायकाला रॉयल्टी मिळाली पाहिजे असा आग्रह धरला. महंमद रफींचे मत वेगळे होते, आणि त्या वादात दोघे काही वर्षे एकत्र गायले नाहीत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात गाणाऱ्याच्या हक्काला जागाच नव्हती. ती १९९४ साली मिळाली, आणि रॉयल्टीचे कलम २०१२ च्या दुरुस्तीने. आता ताडून पाहा. माथाडींचा कायदा महाराष्ट्राने १९६९ साली केला. हमालाची मजुरी ठेकेदाराच्या खिशातून न येता मंडळाकडून येऊ लागली. म्हणजे गळ्याला न्याय मिळायला पाठीपेक्षा चार दशके अधिक लागली. याचे कारण आमच्या मते एकच. माथाडी संघटित झाले, गाणारे एकेकटे राहिले. ज्याचे त्याचे नाव मोठे, त्यामुळे रांगेत उभे राहायला कुणी तयार नाही.

एकटी पडलेली आणखी एक गाणारी याच मुंबईत होती, म्हणून तिचाही उल्लेख करतो. लोर्ना कोर्देरो. पुथलीबाईंच्या जवळपास वयाची, कोकणीत गाणारी, क्रिस पेरी यांच्या संचातली. त्या दोघांमधल्या कराराच्या कथा गोव्यात अजून सांगतात. त्यांत आम्ही शिरत नाही. लोर्ना ऐन भरात गप्प झाली आणि दोन दशकांहून अधिक काळ गप्प राहिली, एवढे जगजाहीर आहे. १९९५ साली ती गोव्यात पुन्हा लोकांसमोर उभी राहिली. 'नाचूंया कुंपासार' हा कोकणी चित्रपट या दोघांवरून प्रेरित आहे. एकीला देश सोडून वाट सापडली, दुसरीला घरात राहून सापडायला तेवीस-चोवीस वर्षे लागली.

पुथलीबाई २००६ साली न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये पुन्हा गायिल्या. जून २०२४ मध्ये, वयाच्या ७९ व्या वर्षी, त्या इंग्लंडच्या ग्लॅस्टनबरी उत्सवाच्या रंगमंचावर उभ्या राहिल्या. कोल्डप्लेही त्याच वर्षी त्याच उत्सवात गायले होते, आणि पुढच्या जानेवारीत ते आमच्या नेरूळला आले.

आम्ही त्या तरुण माथाड्याला 'स्पेस टॉक' ऐकविले. गोण्यांच्या थप्पीला टेकून त्याने ते शेवटपर्यंत ऐकले, मग पुन्हा लावायला सांगितले. नंतर मोबाइल परत देताना विचारले, "भाऊ, ते कापून लावलं त्याचे बाईंना किती मिळाले?"