पोलादाच्या गावातली मैत्री बाग

हिवाळा सरत आला आहे आणि तुम्ही छत्तीसगडातल्या भिलाईच्या मैत्री बागेत फुलांचं प्रदर्शन पाहायला आला आहात. भिलाई इस्पात संयंत्र या पोलाद कारखान्याचा उद्यान विभाग दरवर्षी ते भरवतो. मांडवात कुंड्यांच्या रांगा लागल्या आहेत, बाहेर मुलांची गाडी शिटी वाजवत फिरते आहे आणि तळ्यावरचं कारंजं अंधार पडायची वाट पाहत आहे. पांढऱ्या वाघांच्या पिंजऱ्यासमोर नेहमीप्रमाणे सर्वांत जास्त गर्दी आहे. तुम्ही मात्र एका डेलियापाशी थांबा.

फूल दोन्ही हातांच्या ओंजळीत मावणार नाही एवढं मोठं आहे. ते आपोआप एवढं झालेलं नाही. पावसाळा संपताना कोणीतरी फाटा लावला. पानांच्या बगलेतून निघालेला प्रत्येक कोंब नखाने खुडला. शेंड्याला तीन कळ्या आल्या, तेव्हा मधली ठेवून बाजूच्या दोन काढल्या, म्हणजे झाडाची सारी ताकद एकीलाच मिळावी. खोडाला काठी दिली आणि सुतळी सैल बांधली, नाहीतर वाढत्या खोडात ती रुतते. पेंड आंबवून तिचं पाणी घातलं. चार महिने रोज वाकणारी एक पाठ या फुलामागे आहे, आणि पाटीवर तिचं नाव नाही.

बाग पाहायची ती असं विचारत: ही कोणाच्या हातांनी उभी राहिली, कोणाच्या पाण्यावर जगते, कोणाच्या जमिनीवर आहे आणि कोणासाठी आहे? उत्तरं आजच्या दिवसात सापडायची नाहीत. त्यासाठी मागे जावं लागेल. चला.

डिसेंबर १९९१

कॅलेंडर सोडलं तर बागेत फारसं काही बदललेलं दिसत नाही. २५ डिसेंबरला मिखाईल गोर्बाचेव्ह यांनी राजीनामा दिला आणि सोव्हिएत संघ नावाचा देश इतिहासजमा झाला. ज्या देशाशी मैत्री म्हणून ही बाग लावली, तो देशच आता राहिलेला नाही. फाटकावरचं नाव मात्र आहे तसं आहे आणि माळी हिरवळीला पाणी देत आहेत.

याच वर्षी २८ सप्टेंबरच्या पहाटे याच शहरात कामगारनेते शंकर गुहा नियोगी यांची झोपेत गोळी घालून हत्या झाली. ठेक्यावरच्या मजुरांना माणसासारखं वेतन आणि माणसासारखं आयुष्य मिळावं, यासाठी ते लढत होते. त्यांच्या माणसांनी दल्ली-राजहऱ्याच्या खाणगावात मजुरांच्याच वर्गणीतून आणि श्रमातून शहीद हॉस्पिटल उभं केलं होतं. पोलादाचं शहर सगळ्यांना सारखं वागवत नाही, हे या वर्षात उभं राहिलं की कळतं. कायम कामगाराला क्वार्टर, शाळा, दवाखाना. ठेकेदाराच्या मजुराला वस्तीतली खोली. बागेतल्या हिरवळीवर बसलेल्या माणसाला मात्र तो कायम आहे की ठेक्यावर, असं कोणी विचारत नाही. या शहरात अशा जागा फार नाहीत.

१९७२

झाडं एकदम लहान झाली आहेत. सावली शोधून सापडत नाही, नव्या आळ्यांमधली माती ओली आहे. आदल्या वर्षी, ९ ऑगस्ट १९७१ ला, भारत आणि सोव्हिएत संघाने वीस वर्षांचा मैत्री करार केला. डिसेंबरमध्ये युद्ध झालं आणि बांगलादेश स्वतंत्र झाला. त्या दिवसांत सोव्हिएत मैत्री हा सरकारी भाषणापुरता विषय नाही, पानाच्या ठेल्यावरही तिची चर्चा आहे. त्याच वाऱ्यात मरोद्याच्या बाजूला मैत्री बाग आकार घेत आहे.

खुरप्याने आळं करणारा एक माणूस मान वर करतो. तुमचं बोलणं कानावर पडताच त्याचा चेहरा उजळतो.

"कुठले जी तुम्ही? आपल्याकडलेच दिसता."

तुम्ही गाव सांगता.

"आम्ही गोंद्याकडले. काका प्लँटमध्ये लागले होते, त्यांनी बोलावलं. बसा ना जी, पाणी घ्या."

अशी माणसं इथे पुष्कळ आहेत. हावडा-मुंबई रेल्वेमार्गाने नागपूर, भंडारा, गोंदिया आणि दुर्ग एका दोरीत ओवले आहेत, त्यामुळे विदर्भातला माणूस इथे सहज उतरतो. शेजारच्या क्वार्टरमध्ये केरळ, त्यापलीकडे पंजाब, बंगाल, आंध्र, बिहार. प्रत्येकाचा सण वेगळा आणि गावाकडची वाट लांबची. पाळी संपल्यावर बायकापोरांना घेऊन जायचं कुठे? ज्या शहरात कोणाचीच आजी राहत नाही, तिथे रविवारी सगळ्यांनी मिळून बसायला जागा लागते. या बागेचं खरं काम ते आहे.

४ फेब्रुवारी १९५९

आता बाग नाही. आठ तास भट्टीसमोर उभा राहणारा माणूस बाहेर पडल्यावर काय शोधत असेल, ते समजून घेण्यासाठी भट्टीजवळ या. आज राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन आहे. राजहऱ्याचं लोहखनिज, नंदिनीचा चुनखडक आणि झरियाकडचा कोळसा इतक्या लांबून एका तोंडात येऊन पडतात. खालचं भोक फोडलं की लोखंडाचा रस चरातून वाहू लागतो. पहिल्यांदा डोळे मिटतात आणि पापण्यांच्या आतही पांढरा उजेड राहतो. मग तोंडाची कातडी ताणल्यासारखी होते. घाम येतो न येतो तोच वाळतो.

गेली दोन वर्षं सोव्हिएत बाजूचे मुख्य अभियंता म्हणून व्हेनियामिन दिमशित्स इथे राबत आहेत. रुरकेल्याला पश्चिम जर्मनी, दुर्गापूरला ब्रिटन, भिलाईला सोव्हिएत संघ: तीन कारखाने एकाच काळात उभे राहत आहेत, प्रत्येकाची क्षमता १० लाख टन. आपल्या हातून काम होतं की नाही, हे तिन्ही ठिकाणी माणसं स्वतःलाच सिद्ध करून दाखवत आहेत. इथून पुढे भिलाईचे रूळ देशभर जातील.

१९५५

धूर नाही, चिमण्या नाहीत. २ फेब्रुवारीला दिल्लीत करार झाला आहे: सोव्हिएत कर्ज, अडीच टक्के व्याज, फेड बारा वर्षांत. कारखाना आपल्याकडे यावा म्हणून मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल यांनी जोर लावला आहे. मराठी वाचकाने एक गोष्ट इथे मुद्दाम ध्यानात घ्यावी. या दिवशी मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर आहे. दुर्ग जिल्ह्याचे कागद नागपूरच्या सचिवालयात जातात. पुढच्या वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ ला, राज्यं नव्याने आखली जातील, विदर्भ एकीकडे आणि छत्तीसगड दुसरीकडे जाईल. भिलाईचा करार झाला, तो मात्र आपण एका राज्यात असताना.

गावांत काय चाललं आहे? मोजणीदार साखळ्या ओढत फिरत आहेत. जमिनी जाणार, हे लोकांना कळलं आहे. बदल्यात काय येणार, ते नीट कळलेलं नाही. भट्टी पेटायला नरबळी लागतो, अशी कुजबुज पसरली आहे. मानववंशशास्त्रज्ञ जॉनथन पॅरी यांनी पुढे भिलाईत दीर्घ काळ अभ्यास केला आणि अशा आठवणी नोंदवल्या. या कुजबुजीला अडाणीपणा म्हणून हसू नका. एवढं मोठं काहीतरी येणार आणि त्याची किंमत आपल्याच घरातून वसूल होणार, हे शेतकऱ्याने बरोबर ओळखलं होतं.

१९२१

आता पावसाळा आहे आणि तुमचे पाय चिखलात आहेत. इथल्या शेतकऱ्याला जमीन विचारा, तो एका शब्दात उत्तर देणार नाही. काळी खोल ती कन्हार, पिवळसर हलकी ती मटासी, दोहोंच्या मधली डोरसा आणि वर माळावरची लाल मुरमाड ती भाटा. कुठे धान पेरायचं, कुठे कोदो आणि कुठे नुसती गुरं सोडायची, हे त्या नावांतच ठरलेलं असतं. फेकून पेरलेलं धान महिनाभराचं झालं आणि बांधीत पाणी साचलं की उभ्या पिकातून नांगर घालतात. त्याला बियासी म्हणतात. परक्याला पीक मोडतंय असं वाटतं. पण त्यानेच तण दबतं, माती सैल होते आणि रोप फुटवे धरतं. डेलियाची कळी खुडणारा माळी आणि बियासी घालणारा शेतकरी यांची विद्या एकच आहे: काय ठेवायचं आणि काय मोडायचं, ते ओळखणं.

१८९७ आणि १९०० च्या दुष्काळांनी छत्तीसगड पोळून निघालं होतं. म्हणून बालोदजवळ तांदुला नदीवर धरण बांधलं, आणि ते याच वर्षी पुरं झालं. कालव्याचं पाणी धानासाठी आहे. पुढे हेच पाणी मरोद्याच्या तलावात येईल, भट्ट्या थंड करील आणि टाउनशिपच्या नळांना पोचेल. पोलादाचं शहर आणि त्याची हिरवळ दुष्काळात होरपळलेल्या शेतकऱ्यासाठी अडवलेल्या पाण्यावर वाढली आहे.

१७४१

दुर्गच्या किल्ल्याभोवती राहुट्या पडल्या आहेत. नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सरदार भास्करराम कोल्हटकर इथे तळ देऊन छत्तीसगडावर चालून जात आहेत. लवकरच रतनपूर पडेल आणि पुढे बंगालची वाट धरली जाईल. नागपुरात भोसल्यांनी तेलंखेडी, तुळशीबाग, महाराजबाग अशा बागा लावल्या. छत्तीसगडाकडून मात्र त्यांना हवा होता वसूल आणि बंगालकडे जाणारी वाट. आपल्या मराठी अभिमानात हे पानही वाचायला हवं.

याच सुमारास सातासमुद्रापलीकडे, इंग्लंडच्या सरे परगण्यात, चार्ल्स हॅमिल्टन नावाच्या उमरावाच्या मुलाने पेन्सहिल इथे १७३८ पासून जमीन घ्यायला सुरुवात केली आहे. आता काळ जरा पुढे सरकवून क्षणभर तिथे जा. माळरानावर त्याने तळं खोदून घेतलं आहे आणि जवळच्या मोल नदीचं पाणी चाकाने वर चढवून ते भरलं आहे. वाट अशी वळवली आहे की गॉथिक मंदिर, चिनी पूल, तुर्की तंबू एकेक करून दिसावेत आणि झाडांआड जावेत. एक पडका मठ तर मुद्दाम पडकाच बांधला आहे. तळ्याच्या काठी दक्षिणेकडे तोंड करून द्राक्षमळा उतरतो. तो सांभाळायला फ्रान्समधल्या द्राक्षवाल्या घराण्यातला दाव्हीद जेनेस्त आणला आहे. द्राक्षं काळी, दारू फिकी आणि फेसाळ. हॅमिल्टनच्या सांगण्यानुसार फ्रेंच राजदूतालाही ती शॅम्पेनपेक्षा सरस वाटली.

सौंदर्यात खोट काढायला जागा नाही. फक्त ती बाग एका माणसाची हौस होती आणि कर्जावर उभी होती. १७७३ मध्ये त्याला ती विकावी लागली. पुढे मालक बदलत गेले, दुसऱ्या महायुद्धानंतर जमिनीचे तुकडे झाले, तळ्याकाठी रान माजलं. तिला वाचवलं ते लोकांनी. स्थानिक परिषदेने १५८ एकर परत मिळवले, १९८१ मध्ये न्यास स्थापन झाला, जुनी चित्रं आणि प्रवाशांची वर्णनं ताडून एकेक झाड लावलं गेलं आणि १९९२ मध्ये द्राक्षमळाही पुन्हा उभा राहिला. एका उमरावाची बाग दोनशे वर्षांनी सगळ्यांची झाली, तेव्हा कुठे ती जगली.

पुन्हा आज

तुम्ही मांडवात परत आला आहात. भिलाईची बाग त्या दोनशे वर्षांचा वळसा न घेता जन्मली. पहिल्या दिवसापासून ती फिटर, क्रेनचालक, परिचारिका, शाळामास्तर आणि त्यांच्या पोरांसाठी होती. आपल्याकडे राजेरजवाड्यांच्या बागांना वारसा म्हणण्याची सवय आहे. अजून शंभरी न गाठलेल्या, कामगारांच्या गर्दीने भरलेल्या बागेला कोणी वारसा म्हणत नाही. म्हणायला हवं. घाम गाळणाऱ्याला वेतनाइतकीच सावलीही लागते, हे ओळखून ही जागा राखली गेली, आणि ज्या जमिनीवर, ज्या पाण्यावर ती उभी आहे त्यांचं देणं अजून फिटलेलं नाही.

म्हणून बागेची निगा हा उद्यान विभागाच्या खर्चातला काटछाटीचा आकडा होता कामा नये. माळ्याचं काम ठेक्यावरचं, हलक्या दर्जाचं मानलं जाऊ नये. डेलियाच्या पाटीवर जातीबरोबर तो वाढवणाऱ्याचं नाव लिहावं. तांदुल्याचं पाणी आणि इथल्या गावांची नावं बागेतल्या फलकांवर यावीत, म्हणजे फुगा हातात धरलेल्या पोराला आपण कोणाच्या शेतात उभे आहोत ते कळेल. ज्या देशाशी मैत्री केली तो देश गेला. इथल्या मातीशी, पाण्याशी आणि हातांशी मैत्री करायची राहिली आहे, आणि ती करायला कुठल्या कराराची गरज नाही.