मेदाच्या बाजूने मधुमेह

प्रस्तावना

मधुमेहाचं निदान साखरेवरून होतं आणि औषध लागू पडलं की नाही, हेही साखरच सांगते. मग इन्सुलिनचा मेदाशी काय संबंध, असा प्रश्न नव्या वाचकाला पडणं साहजिक आहे. विजयदुर्गसारख्या गावात या प्रश्नाला जिवाचं मोल असतं. टाइप १ मधुमेह असलेल्या मुलाला ताप येतो, उलट्या होतात, अन्न जात नाही. ‘पोटात काही नाही, मग इंजेक्शन कशाला?’ म्हणून घरचे इन्सुलिन थांबवतात. थोड्याच वेळात त्याला धाप लागते, श्वासाला फळासारखा वास येतो आणि गाडी ओरोसच्या जिल्हा रुग्णालयाकडे, नाहीतर थेट गोव्यात बांबोळीला निघते. मुलाने खाल्लेलं काहीच नसतं. रक्तात आम्ल साचतं ते त्याच्याच मेदातून.

मेद ही शरीराची कोठी मानली, तर तिच्या किल्ल्या इन्सुलिनकडे असतात. जेवणानंतर इन्सुलिन मेदऊतीतलं लायपोप्रोटीन लायपेज वाढवतं आणि रक्तातला मेद पेशीत भरला जातो. ग्लुकोजही आत येतं. त्यापासून मिळणाऱ्या घटकाला मेदाम्लं जोडून ट्रायग्लिसराइड बनतं. साठा फोडणाऱ्या विकरांना इन्सुलिन त्याच वेळी आवरून धरतं. इन्सुलिन संपलं की भरणं थांबतं आणि उपसा सुरू होतो. ॲड्रेनलिनसारखी संप्रेरकं त्याला जोर देतात. तापात ती वाढलेलीच असतात. सुटलेली मेदाम्लं यकृतात पोचतात. तिथे इन्सुलिनचा अभाव आणि ग्लुकागॉन या संप्रेरकाचा जोर यांमुळे त्यांची कीटोन आम्लं होतात. सोबत सुटलेल्या ग्लिसरॉलपासून यकृत नवी साखर बनवतं. म्हणून उपाशीपोटीही साखर चढते.

या शास्त्रातली कळीची गोष्ट आहे मात्रेची. स्नायूंनी साखर ओढून घ्यायला जेवढं इन्सुलिन लागतं, त्याहून फारच थोड्या इन्सुलिनवर मेदाचं विघटन आटोक्यात राहतं. टाइप २ मधुमेहात वर्षानुवर्षं साखर वाढलेली असूनही कीटोनचं संकट क्वचित येतं, कारण उरलंसुरलं इन्सुलिन तेवढ्याला पुरतं. साखर इन्सुलिनची कमतरता दाखवते. मेदाचा पूर सांगतो की ते जवळजवळ संपलं आहे.

ही बाजू इतकी उशिरा का दिसली? १८८९ मध्ये स्ट्रासबर्गला मेरिंग आणि मिंकोव्स्की यांनी कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं आणि त्याच्या लघवीत साखर सापडली. अभ्यासाची दिशा तिथेच ठरली. मिंकोव्स्कीला चवच कळत नसती आणि साखरेऐवजी ॲसिटोनचा वास त्याला जाणवला असता तर, असा खोडकर प्रश्न १९९२ मध्ये मॅकगॅरी यांनी ‘सायन्स’मध्ये विचारला. पुरावा मात्र आधीपासून समोर होता. जानेवारी १९२२ मध्ये टोरोंटोत चौदा वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनला स्वादुपिंडाचा शुद्ध केलेला अर्क मिळाला, तेव्हा साखरेबरोबर लघवीतली कीटोन द्रव्यंही हटली. आजही पोटावर एकाच जागी इंजेक्शन घेणाऱ्याच्या कातडीखाली मेदाची मऊ गाठ बनते. इन्सुलिनचं मेदावरचं काम तिथे बोटांना लागतं. त्या गाठीतून इन्सुलिन नीट शोषलं जात नाही, म्हणून जागा बदलत राहायची असते.

मराठी मुलखाने या क्षेत्रात मोलाची भर घातली आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या मातांचा आणि मुलांचा अभ्यास केला. तिथली बाळं इंग्लंडमधल्या बाळांहून पुष्कळ हलकी होती, त्यांचे स्नायू कमी होते. पण मेद त्या मानाने टिकून होता. २००४ मध्ये याज्ञिक आणि लंडनचे युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना छापली: दोघांचा बीएमआय २२.३, पण युडकिनांच्या शरीरात मेद ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या माणसाचा मेद वजनकाटा सांगत नाही.

याच्या उलट टोकाला कुपोषणाशी जोडलेला मधुमेह आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये त्याला वर्गीकरणात जागा दिली, १९९९ मध्ये काढून घेतली. २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्याला ‘टाइप ५’ म्हणून मान्यता दिली. या कृश रुग्णांना इन्सुलिन कमी पडतं, तरी कीटोनचं संकट सहसा येत नाही. वितळायला मेदच उरलेला नसतो, की उरलेलं थोडं इन्सुलिन पुरून उरतं? वाद संपलेला नाही.

पुढची प्रकरणं विद्यार्थी, गावातले डॉक्टर आणि रुग्णांचे घरचे या सगळ्यांसाठी आहेत. रसायनशास्त्र विसरलेल्यांनी बिचकू नये. विकरांची नावं दुसऱ्या वाचनात लक्षात राहतात. वाचताना प्रत्येक ठिकाणी एकच विचारावं: इथे इन्सुलिन किती उरलं आहे, आणि तेवढ्यावर मेद आवरला जाईल का? ताप आला, जेवण सुटलं तरी टाइप १ च्या मुलाचं इन्सुलिन पूर्ण बंद का करायचं नाही, मात्रा डॉक्टरांना विचारूनच का बदलायची आणि कीटोन का तपासायचे, याचं उत्तर त्याच प्रश्नात आहे.

विजयदुर्ग