साहसकथेआधीचे शब्द : मराठी बालवाचनाची एक परंपरा आणि अंधेरी

मुलांसह एखादी साहसकादंबरी वाचायला घेण्यापूर्वी तिच्यातील अनोळखी शब्दांशी त्यांची ओळख करून द्यावी, हा विचार आज नव्या अध्यापनशास्त्राचा म्हणून मांडला जात असला, तरी मराठीत गोष्ट आणि कोश यांची सोबत जवळजवळ छापील पुस्तकाइतकीच जुनी आहे. देशी भाषांत शालेय पुस्तके सिद्ध करण्यासाठी मुंबईत उभ्या राहिलेल्या बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या प्रयत्नांतून सदाशिव काशीनाथ छत्रे यांचे ‘बाळमित्र’ १८२८ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि पुढच्याच वर्षी मुंबईतच शास्त्रीमंडळींनी रचलेला ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’, म्हणजे पुढे ‘पंडितांचा कोश’ या नावाने ओळखला गेलेला पहिला मोठा मराठी-मराठी कोश, छापून निघू लागला. हा कोश मुलांच्या हाती देण्याजोगा अर्थातच नव्हता. तरीही मुलांसाठी लिहिणे आणि शब्दांचे अर्थ निश्चित करणे ही दोन कामे एकाच काळात, एकाच गरजेतून सुरू झाली, एवढे त्यावरून दिसते.

ही दोन कामे एका व्यक्तीच्या हातून झालेली पाहायची असतील, तर वासुदेव गोविंद आपटे यांच्याकडे वळावे लागते. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ मध्ये ‘बालबोध’ हे मासिक सुरू करून मुलांसाठी सोप्या, स्वच्छ गद्याचा पायंडा पाडला होता; त्या वाटेने पुढे जात आपट्यांनी १९०६ मध्ये ‘आनंद’ मासिक काढले. याच आपट्यांनी १९१० मध्ये मराठीतील संप्रदाय, म्हणजे वाक्प्रचार, आणि म्हणी यांचा संग्रह प्रसिद्ध केला व १९२२ मध्ये ‘मराठी शब्दरत्नाकर’ हा कोश दिला. त्यांच्या चरित्रात ही कामे बहुधा वेगवेगळ्या शीर्षकांखाली नोंदवली जातात, पण मुलांचे मासिक चालवणाऱ्या संपादकाला कोणता शब्द मुलाला अडेल आणि कोणता गोष्टीच्या ओघात आपोआप उमगेल याचा अंदाज सतत घ्यावा लागतो, आणि कोशकाराच्या कामाला याहून चांगली उमेदवारी मिळणे अवघड आहे. शिवाय मासिकांतून क्रमशः, म्हणजे महिन्याला एक प्रकरण याप्रमाणे, येणाऱ्या कथेत तोच शब्द वेगवेगळ्या प्रसंगांत पुन्हा पुन्हा भेटतो, आणि मुलाच्या मनात तो मुरायला दोन अंकांमधला अवधीही मिळतो. शब्दसंग्रह वाढवण्याची ही रीत कोणी योजून आखली नसेल, पण ती परिणामकारक होती.

शाळेने मात्र निराळी वाट धरली. क्रमिक पुस्तकात पाठाच्या शेवटी ‘शब्दार्थ’, त्याखाली टिपा आणि मग स्वाध्याय ही मांडणी रूढ झाली, आणि वर्गात पाठ सुरू होण्याआधीच ‘कठीण शब्द’ फळ्यावर उतरवून मुलांकडून ते घोकून घेण्याची सवय तिच्याबरोबर आली. नवे शब्द मोजून-मापून, थोडेथोडे आणि पुनरावृत्तीसह वाचनात आणावेत, असा विचार विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात ढाक्यात इंग्रजी शिकवताना मायकेल वेस्ट यांनी मांडला आणि त्यानुसार वाचनपुस्तकेही रचली. मराठीत आचार्य अत्रे यांच्या ‘नवयुग वाचनमाले’ने १९३० नंतरच्या दशकात मुलांच्या अनुभवाला जवळचे विषय आणून भाषेचे ओझे हलके केले. १९६७ मध्ये स्थापन झालेल्या पाठ्यपुस्तक मंडळाने, म्हणजे ‘बालभारती’ने, १९७१ मध्ये ‘किशोर’ मासिक सुरू करून पाठ्यपुस्तकाबाहेरचे वाचनही आपल्या कक्षेत घेतले. तरीही शब्दार्थाची यादी टिकून राहिली, कारण ती परीक्षेला सोयीची होती. वाचनाला ती कितपत उपयोगी पडते, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही.

साहसकथेच्या बाबतीत हा प्रश्न अधिक टोकदार होतो. या प्रकारात मराठी मुलांवर सर्वाधिक छाप पाडणारे लेखक भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांनी फुरसुंगीच्या बनेश फेणेला, म्हणजेच ‘फास्टर फेणे’ला, जन्म दिला आणि ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या ‘चंद्रावर स्वारी’, ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ अशा नावांनी मराठीत आणल्या. फेणेच्या तोंडचे ‘ट्टॉक्’ कोणत्याही कोशात न सापडताही वाचकांच्या पिढ्यांना कळले, आणि ते समजावून सांगायला कोणाही शिक्षकाची गरज पडली नाही. याउलट समुद्रप्रवासाच्या कथेत शीड, सुकाणू, नाळ, उधाण हे शब्द, किंवा गडावरच्या पाठलागात तट, बुरूज, दिंडी, खिंड, घळ हे शब्द ज्याला ठाऊक नाहीत, त्याला संकट नेमके कुठून आले हेच कळत नाही आणि उत्कंठा तेथेच विरते. आधी सांगायचे ते हे, कथानक ज्यांवर टेकले आहे असे मोजके शब्द. वर्णनात येऊन जाणाऱ्या विशेषणांची यादी करणे म्हणजे कादंबरीचा धडा करणे होय.

अंधेरीसारख्या उपनगरात हे मोजके शब्द कोशाबाहेरही सापडतात. साष्टी बेटावरचे हे गाव १९५० मध्ये मुंबई महापालिकेच्या हद्दीत आले आणि पुढे इमारतींनी भरून गेले, तरी त्याचा जुना भूगोल पुरता बुजलेला नाही. पश्चिमेला वेसाव्याच्या कोळीवाड्यात तांडेल, म्हणजे होडीवरच्या खलाशांचा म्होरक्या, नाखवा, म्हणजे होडीचा मालक, आणि डोल, म्हणजे भरती-ओहोटीच्या ओढीत धरायचे पिशवीसारखे जाळे, हे शब्द रोजच्या व्यवहारातले आहेत. खाडीच्या मुखापलीकडे मढला पोर्तुगीजांनी बांधलेला आणि १७३९ मध्ये वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी घेतलेला वेसाव्याचा किल्ला आहे, तेव्हा बुरूज आणि तट यांसाठीही लांब जाण्याची गरज नाही. गिल्बर्ट हिल हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा, उभ्या खांबांची जुडी असावी तसा, सुमारे दोनशे फूट उंच सुळका आहे, आणि त्याच्या माथ्यावर गावदेवीचे मंदिर आहे; आजूबाजूचा दगड खाणींनी खाल्ल्यामुळे त्याचा कडा अधिकच सरळ भासतो. पूर्वेला कोंडिविट्याच्या, म्हणजे महाकालीच्या, बौद्ध लेण्यांत विहार, म्हणजे भिक्षूंच्या निवासाची दालने, चैत्य, म्हणजे स्तूप असलेले पूजास्थान, आणि खडकात खोदलेली पाण्याची टाकी पाहता येतात. गडावरच्या कथेत वेढ्यात सापडलेले लोक ज्या टाक्याच्या पाण्यावर तग धरतात, त्याची कल्पना येथे एका नजरेत येते.

वस्तू आधी आणि शब्द तिच्याबरोबर, हे सूत्र अंधेरीवरून जाणाऱ्या रेल्वेमार्गावर उत्तरेकडे पूर्वीच कसाला लागले होते. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, आणि अनुताई वाघ यांच्या सोबतीने पुढे कोसबाडला काम नेले. मॉन्टेसरी पद्धतीची महागडी साधने तेथे परवडण्यासारखी नव्हती, म्हणून शंख-शिंपले, बिया, पाने, खडे यांतून मुलांची भाषा वाढवली गेली, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेण्यात आली. ती पद्धत बालवाडीच्या वयासाठी आणि आदिवासी मुलांसाठी घडली होती, तर अंधेरीतील इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या आणि घरी मराठी ऐकणाऱ्या दहा-बारा वर्षांच्या मुलाची अडचण वेगळी आहे: त्याला वस्तू चित्रातून माहीत असते, कित्येकदा तिचे इंग्रजी नावही येते, आणि मराठी नाव मात्र कोणी त्याच्यासमोर उच्चारलेले नसते. अशा मुलासाठी पालकाने पहिले प्रकरण आधी स्वतः वाचून पाच-सात शब्द निवडावेत, रविवारी वेसाव्याच्या किनाऱ्यावर किंवा कोंडिविट्याला जाऊन ते वस्तूंसमोर वापरावेत, आणि उरलेले शब्द कादंबरीवर सोपवावेत.