उत्सर्ग समिती आणि दारातले दोन डबे



कचरा कुठे आणि कसा टाकायचा, हा प्रश्न आपल्याकडे घंटागाडीबरोबर आला असं वाटतं. पण तो फार जुना आहे. मुनींच्या पाच समित्या आपण लहानपणी पाठशाळेत पाठ केल्या आहेत: ईर्या, भाषा, एषणा, आदाननिक्षेपण आणि शेवटची उत्सर्ग. कुणी तिला प्रतिष्ठापना समिती म्हणतात. मल, मूत्र, कफ टाकायचा तो जीवजंतू आणि हिरवळ नसलेली जागा नीट पाहून. तत्त्वार्थसूत्रात ती चालण्या-बोलण्याच्या बरोबरीने येते. म्हणजे टाकणं हीसुद्धा एक क्रियाच, आणि तिचा दोष टाकणाऱ्याला लागतो.

श्रावकाच्या घरात हाच विचार जीवाणीतून आला. पाणी गाळल्यावर गाळण्यात राहिलेले जीव ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत परत सोडायचे, तेही वरून न ओतता, खास कडी लावलेल्या बादलीतून पाण्यापर्यंत नेऊन अलगद. जे जिथलं, ते तिथे. बोअर आणि नळ आले आणि ही रीत बहुतेक घरांतून गेली.

आमच्या झरीसारख्या शेतकरी गावात जुन्या घरी ‘कचरा’ नावाचा एकच ढीग नव्हताच. चुलीची राख भांडी घासायला. भाजीची देठं, डाळीची चुनी जनावरांपुढे. जुन्या लुगड्यांची वाकळ, आणि वाकळीलाही नको असलेलं बोहारणीकडे. रद्दी भिजवून, मेथी घालून कुटायची आणि टोपल्या लिंपायच्या. ताटात उष्टं राहूच द्यायचं नाही. ओल्या अन्नात अंतर्मुहूर्तात जीव उपजतात म्हणून कित्येक घरांत ताट धुऊन ते पाणीही पितात. एवढं सगळं झाल्यावर जे उरे ते शेणाबरोबर उकिरड्यावर, आणि उन्हाळ्यात बैलगाडीतून शेतात. उकिरड्याचाही पांग बारा वर्षांनी फिटतो म्हणतात. दिवाळीला तिथेही पणती लागायची.

याच उकिरड्याला शहाणपणाचं रूप दिलं ते आपल्यापासून फार लांब नसलेल्या पुसदच्या नाडेप काकांनी, म्हणजे ना. दे. पांढरीपांडे यांनी. विटांचं, भिंतींना भोकं ठेवलेलं, दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच टाकं. त्यात काडीकचरा, शेणकाला आणि मातीचे थर. थोड्याशा शेणात तीन-चार महिन्यांत पुष्कळ खत होतं. खतात जीव उपजतात आणि मरतात, मग आपण ते करावं का, असं मला मैत्रिणी विचारतात. करावं, असं माझं मत. हिंसा शून्य नाही, पण तीच सालं पिशवीत बांधून फेकली तर ती हिंसा कितीतरी पट होते.

आता या चित्राचा दुसरा भाग, जो आपण सांगत नाही. घरातली शुद्धी आपण सांभाळली, पण संडासाची पाटी डोक्यावरून वाहून नेणारे हात दुसऱ्यांचे होते, आणि ते जातीने ठरवलेले होते. ही प्रथा बंद करणारा कायदा थेट 1993 साली आला आणि 2013 मध्ये पुन्हा नवा करावा लागला. उत्सर्ग समिती म्हणजे आपल्या दारापुढून घाण हलवणं नव्हे. ती कुठे जाते आणि कुणाच्या हाताला लागते, हे पाहणं त्यात आलंच.

आपल्याकडे ही अक्कल उशिरा आली आणि पॅरिसला लवकर, असंही नाही. तिथल्या पुबेल नावाच्या प्रीफेक्टने 1884 साली हुकूम काढून प्रत्येक घराला झाकणाचे डबे लावायला सांगितले, तेही वेगवेगळे: नासणाऱ्या वस्तूंना एक, कागद-चिंध्यांना दुसरा, काच आणि शिंपल्यांना तिसरा. चिंध्या वेचणारी गरीब माणसं चिडली, कारण त्यांचं पोटच त्या ढिगावर होतं. फ्रेंच लोक अजून डब्याला पुबेलच म्हणतात.

वेचणाऱ्यांचं पोट सांभाळून कचरा कसा उचलायचा, याचं उत्तर मला तरी पुण्यात दिसतं. 1993 मध्ये तिथे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि कचरावेचक बायका पुढे घरोघर कचरा घेऊ लागल्या. वापरलेले पॅड उघड्या हातांनी निवडावे लागतात म्हणून 2013 साली त्यांनी ते गोळा करून बनवणाऱ्या कंपन्यांनाच परत पाठवले! 2016 च्या घनकचरा नियमांत ओला, सुका आणि घातक असे तीन भाग आले, आणि पॅड गुंडाळायचं वेष्टन कंपन्यांनी द्यावं हेही आलं. ते नियम मुख्यतः शहरांसाठी होते. गावाची सफाई 1958 च्या ग्रामपंचायत कायद्यापासून पंचायतीकडे आहे. 2000-01 च्या गाडगेबाबा अभियानाने गावोगावी झाडू हातात दिला, आणि 2020 पासून स्वच्छ भारतच्या दुसऱ्या टप्प्यात गावच्या घनकचऱ्याचंही काम धरलं आहे.

तर आपले डबे. ओल्याला झाकण हवंच, आणि आत प्लॅस्टिकची पिशवी नको. तळाला कागद घालावा. भाजीची सालं निथळूनच टाकावी, नाहीतर तळाशी पाणी साचून अळ्या होतात. मग ते नालीत ओतायचं की उन्हात, असा प्रश्न पडतो आणि दोन्हींत पाप आहे. डबा दोन विटांवर ठेवला की मुंग्या कमी येतात आणि त्यांच्यावर गरम पाणी ओतायची वेळ येत नाही. चातुर्मासात ओला डबा रात्रभर भरलेला ठेवू नये. दुधाची पिशवी धुऊन, वाळवून सुक्यात. फुटलेली काच जाड कागदात बांधून वेगळी, हातात द्यावी. पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल पेनने मोठी फुली मारावी, म्हणजे उचलणारी बाई ते उघडत नाही.

आणि शिळी पोळी गायीसाठी म्हणून पिशवीत बांधून रस्त्यावर ठेवू नका. गाय पोळीबरोबर पिशवीही खाते, ती पोटात साठत जाते, आणि जीवदया म्हणून ठेवलेल्या त्या पोळीने गाय हळूहळू मरते. पोळी नुसतीच, हाताने द्या.