अडत्या आणि आढतिया

पंजाबीतल्या ‘आढतिया’साठी मराठीत ‘अडत्या’ लिहावं, यात वरवर पाहता काहीच अडचण नाही. शब्द एकाच घराण्यातला, धंदाही तोच: शेतकऱ्याचा माल मांडायचा, लिलाव लावायचा, खरेदीदाराकडून पैसे घ्यायचे आणि आपली टक्केवारी ठेवून घ्यायची. पण २०२०-२१च्या हिवाळ्यात सिंघू आणि टिकरीच्या वेशीवर बसलेल्या शेतकऱ्यांवरचे लेख मी मराठीत आणत होते, तेव्हा हा शब्द दर वेळी अडायचा. मराठी वाचकाला अडत्या म्हटलं की अडत, हमाली, तोलाई कापून हातात आलेली हिशेबपट्टी आठवते. त्या लेखांतला आढतिया व्याज लावणारा होताच, पण पेरणीला आणि लग्नाला उचल देणाराही होता. सरकारी खरेदीवर त्याला अडीच टक्के मिळत, आणि मोर्चात तो शेतकऱ्यांच्या बाजूने उभा होता. एक तळटीप देऊन भागेना. तळटिपेच्या मागे शंभरेक वर्षांचा इतिहास होता.

बाजार समितीचं मूळ वऱ्हाडात आहे. १८८६ साली हैदराबादच्या रेसिडेंटच्या हुकमाने कारंजा इथे कापसाचा पहिला नियंत्रित बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा आला. हेतू शेतकऱ्याचं भलं हा नव्हता. मँचेस्टरच्या गिरण्यांना चांगला कापूस वाजवी दरात हवा होता. पंजाबात हीच व्यवस्था १९३९ साली वेगळ्या वाटेने आली. सर छोटूराम यांनी सावकार-व्यापाऱ्यांच्या काट्यातून शेतकऱ्याला सोडवण्यासाठी ती कायद्याने आणली, आणि तिकडच्या शेतकऱ्यांच्या आठवणीत मंडी ही लढून मिळवलेली गोष्ट आहे. १९६५ मध्ये अन्न महामंडळ आणि कृषिमूल्य आयोग आले, पाठोपाठ हरितक्रांती आली, आणि गहू-तांदूळ पिकवणाऱ्या पंजाबी शेतकऱ्याला ठरलेल्या भावाने घेणारं गिऱ्हाईक घराजवळ मिळालं.

महाराष्ट्राच्या वाट्याला सरकार निराळ्या रूपात आलं. १९७२ पासून एकाधिकार कापूस खरेदी होती. कापूस सरकारलाच विकायचा, शेजारच्या राज्यात जास्त भाव असला तरी हद्द ओलांडायची नाही. कांद्याला हमीभाव नाही, पण भाव चढले की निर्यातबंदी हमखास. संयुक्त राष्ट्रांच्या व्यवस्थेतली बर्नची नोकरी सोडून चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतलेल्या शरद जोशींनी याच अनुभवातून सिद्धान्त मांडला: शेतकऱ्याला मदत नको, लूट थांबवा. १९८०च्या नाशिक जिल्ह्यातल्या कांदा-ऊस आंदोलनात रस्ते आणि रेल्वे अडल्या. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा तेव्हाच्या पिढीला आजही तोंडपाठ आहे.

ज्यांना हा सगळा इतिहास ‘उत्तरेचं आंदोलन’ वाटतो त्यांनी लक्षात घ्यावं, की १९८४च्या मार्चमध्ये चंदीगडला राजभवनाला पडलेल्या शेतकऱ्यांच्या वेढ्यात जोशी होते. भूपिंदरसिंग मान यांच्यासोबत त्यांनी किसान समन्वय समिती उभी केली. पुढे वाटा फुटल्या. २ ऑक्टोबर १९८९ला दिल्लीच्या बोट क्लबवर महेंद्रसिंह टिकैत आणि जोशी यांचा संयुक्त मेळावा मंचावरच मोडला. डंकेल प्रस्तावावर तर दोन टोकं झाली. कर्नाटकात प्रा. नंजुंडस्वामींची रयत संघ डिसेंबर १९९२ मध्ये कारगिल कंपनीच्या बंगळूरच्या कार्यालयात घुसली आणि तिथली कागदपत्रं बाहेर फेकून जाळली. जोशी त्याच प्रस्तावाचं उघड समर्थन करत होते. जगाचा बाजार एकाला सरकारी कुंपणातली फट दिसत होता, दुसऱ्याला बियाण्यावर घातलेला हात.

२०२०चे तीन कायदे या जुन्या भेगेवर येऊन पडले. जूनमध्ये अध्यादेश निघाले, टाळेबंदीत. २० सप्टेंबरला राज्यसभेत दोन विधेयकं आवाजी मतदानाने झाली, मतविभागणीची मागणी मान्य न होता. किमान आधारभूत किमतीला हात लावलेला नाही, असं सरकार म्हणत होतं आणि अक्षरशः ते खरंच होतं. पण मंडीबाहेरच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि आतल्याला आहे, म्हटल्यावर आतला बाजार किती वर्षं टिकणार, हा पंजाबचा प्रश्न होता. बिहारने २००६ मध्ये बाजार समित्यांचा कायदाच रद्द केला होता. उत्तर शोधायला पंजाबी शेतकऱ्याला फार लांब जावं लागत नव्हतं. मला स्वतःला अनुवाद करताना सर्वांत खटकलं ते वादांबद्दलचं कलम. व्यापाऱ्याने फसवलं तर शेतकऱ्याने प्रांताकडे जायचं, दिवाणी न्यायालयाची दारं बंद. प्रांत कचेरीच्या बाकावर ज्याने कधी दिवस काढलाय, त्याला याचं भाषांतर करून सांगावं लागत नाही.

महाराष्ट्रात शेतकरी संघटनेने कायद्यांचं स्वागत केलं. यात आश्चर्य नव्हतं, आणि तिला विकलेली म्हणणाऱ्यांनी तिचा इतिहास वाचलेला नव्हता. राज्याने २०१६ मध्येच फळं-भाजीपाला नियमनमुक्त केला होता. (‘नियमनमुक्ती’ हा सरकारी मराठीतला एक मजेदार शब्द आहे, त्यातली मुक्ती कोणाची, ते तो सांगत नाही.) दुसरीकडे किसान सभेचे शेतकरी डिसेंबरात नाशिकहून दिल्लीकडे गाड्या घेऊन निघाले. तेव्हा मराठी शेतकऱ्याचं मत अमुक, असं म्हणण्याची सोय नव्हतीच. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये कायद्यांना स्थगिती देऊन चौघांची समिती नेमली, तिच्यात अनिल घनवट आणि भूपिंदरसिंग मान, दोघंही जोशींच्या परंपरेतले. दोनच दिवसांत मान बाहेर पडले, पंजाबच्या शेतकऱ्यांच्या हिताशी तडजोड करणार नाही असं सांगून. घनवट राहिले. एकाच शाळेतल्या दोघांना आपापल्या गावाने वेगवेगळीकडे खेचलं.

मला मात्र जोशींच्या बाजूची खरी अडचण पंजाबात दिसत नाही, ती लासलगावात दिसते. कांदा जीवनावश्यक वस्तूंच्या साठा-मर्यादेतून सोडवणारं विधेयक १५ सप्टेंबर २०२०ला लोकसभेत मंजूर झालं. त्याच्या आदल्या दिवशी, १४ सप्टेंबरला, सरकारने कांद्याची निर्यात बंद केली होती. ऑक्टोबरात व्यापाऱ्यांवर पुन्हा साठ्याची मर्यादा आली. बाजार मोकळा करतो म्हणणारं सरकार तो मोकळा ठेवेल, यावर विश्वास ठेवायला मोकळ्या बाजाराच्या पुरस्कर्त्यांनाही हे जड गेलं असावं.

पुढचं सर्वांना ठाऊक आहे. १९ नोव्हेंबर २०२१, गुरू नानक जयंती, पंतप्रधानांनी माघार जाहीर केली. २९ला संसदेने चर्चेविना कायदे रद्द केले. आंदोलनात सातशेहून अधिक शेतकरी गेले, असं संयुक्त किसान मोर्चाचं म्हणणं. सरकारने संसदेत सांगितलं की आपल्याकडे नोंद नाही. समितीचा अहवाल न्यायालयाकडे पडून होता, तो घनवटांनी मार्च २०२२ मध्ये स्वतःच खुला केला. त्यात मत नोंदवलेल्या ७३ संघटनांपैकी ६१ कायद्यांच्या बाजूने होत्या. तोवर कायदेच उरले नव्हते.

डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात पुन्हा बंद झाली आणि नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले. दोन महिन्यांनी पंजाबचे शेतकरी शंभूच्या सीमेवर अडवले गेले, या वेळी एमएसपीच्या कायदेशीर हमीसाठी. ती बातमी मराठीत आणताना ‘हमीभावाची हमी’ असं लिहावं लागतं. संपादक द्विरुक्ती समजून एक हमी कापतात. मी ती परत घालते.