पाण्याची पातळी: गिरणीच्या बॉयलरपासून घरातल्या रीफ टँकपर्यंत

आजचा विषय वरवर छोटा आहे. घरातल्या रीफ टँकमधून, म्हणजे प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतून, उडून जाणारं पाणी आपोआप भरून काढायचं. या छंदात त्याला ऑटो टॉप-ऑफ किंवा नुसतं एटीओ म्हणतात. पण ही सोय भरवशाची कशी करायची, याचं चांगलं उत्तर मला परळ-लालबागच्या गिरण्यांच्या इतिहासात सापडलं.

आधी गणित बघू. पाणी उडतं, मीठ उडत नाही. समजा टँकमध्ये २०० लिटर पाणी आहे, खारटपणा हजारी ३५ आहे आणि रोज ३ लिटर पाणी उडतंय. १० दिवस काहीच भरलं नाही, तर खारटपणा ४१ च्या वर जातो. उलट २० लिटर गोडं पाणी जास्तीचं पडलं, तर तो ३२ च्या खाली येतो. बरेच मासे असा फरक थोडाफार सोसतात. प्रवाळ आणि कोळंबी यांना मात्र असा अचानक बदल जिवावर बेततो. १९५१ साली मरीन ड्राइव्हवर सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयासमोर अख्खा अरबी समुद्र होता. गिरगावातल्या दोन खोल्यांत तो नसतो.

पातळी राखायची युक्ती मात्र फार जुनी. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या क्टेसिबिअसने पाण्याच्या घड्याळासाठी तरंगत्या गोळ्याची झडप वापरली, असं मानलं जातं. पातळी खाली गेली की गोळा उतरतो आणि पाणी सुरू होतं. वर आली की बंद. नवव्या शतकात बगदादच्या बनू मुसा बंधूंच्या यंत्रांतही अशा झडपा दिसतात. १७६५ मध्ये रशियात पोल्झुनोव्हने तीच कल्पना वाफेच्या बॉयलरला लावली.

आता आपल्याकडे येऊ. १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला सूतगिरणीची कंपनी काढली, आणि पुढच्या काही दशकांत परळ-लालबागचं गिरणगाव उभं राहिलं. गिरण्या वाफेवर चालायच्या. त्या काळचा नेहमीचा लँकेशायर बॉयलर घ्या. त्याच्या आत आगीच्या नळ्या असतात आणि त्या कायम पाण्याखालीच राहायला हव्यात. पाणी उतरलं तर लोखंड लाल होतं, मऊ पडतं आणि स्फोट होतो.

म्हणून तिथे एकाच गोळ्यावर कुणी विसंबलं नाही. पातळी दाखवणाऱ्या काचा दोन. पाणी कमी झालं की वाफ सोडून ओरडणारी, तरंगत्या गोळ्यावर चालणारी झडप वेगळी. आणि शेवटी भट्टीच्या माथ्यावर वितळणारा प्लग. पाणी फारच खाली गेलं, तर तो वितळतो आणि आतलं पाणी-वाफ आगीवर पडून ती विझते. गंमत अशी की प्रत्येक राखणदार वेगळ्या तऱ्हेने बिघडतो. काच मळली, तरी प्लगला त्याचं काही नाही.

हाच विचार चाळीच्या गच्चीवरही दिसतो. १८६० पासून विहारचं पाणी नळाने मुंबईत आलं. पुढे ठरावीक वेळेचं पाणी आणि साठवणीच्या टाक्या हे रोजचंच झालं. टाकीत बॉलकॉक असतो, पण वर ओव्हरफ्लोचा पाइपही असतो. बॉलकॉक अडकला की पाणी चौकात पडतं आणि 'अहो, टाकी वाहतेय!' ही हाक येते. ती हाकसुद्धा त्या यंत्रणेचाच भाग.

मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर टाळणं म्हणतात. रीफ टँकला ते असं लागू होतं.

पहिलं, पंप टायमरवर नको, पातळीवर चालवा. मे महिन्यात टँकवर पंखा लावला की पाणी भराभर उडतं, पावसाळ्यात दमट हवेत कमी. टायमरला हे कळत नाही.

दुसरं, दोन सेन्सर, आणि तेही वेगळ्या जातीचे. ऑप्टिकल सेन्सरवर शेवाळ चढतं, फ्लोट स्विचखाली गोगलगाय अडकते. एक रोजच्या कामाला. दुसरा थोडा वर, फक्त पंपाची वीज तोडायला.

तिसरं, पंप एका वेळी किती मिनिटं चालेल याला मर्यादा घाला. तेवढ्यात पातळी आली नाही, तर पंप बंद आणि अलार्म सुरू.

चौथं, पाण्याचा कॅन टँकपेक्षा खाली ठेवा आणि नळीचं तोंड पाण्याच्या वर. नाहीतर पंप थांबला तरी सायफनने पाणी येतच राहतं.

पाचवं आणि सगळ्यात स्वस्त: कॅन लहान घ्या. १५ लिटरचा कॅन पूर्ण रिकामा झाला, तरी आपल्या २०० लिटरच्या टँकचा खारटपणा साडेबत्तीसच्या आसपास थांबतो. प्रवाळांना त्रास होईल, पण वाचायची संधी राहते. टँकमध्ये किंवा खालच्या संपमध्ये तेवढं जास्तीचं पाणी मावेल एवढी जागा मात्र रिकामी हवी. जुन्या इमारतीत लाकडी तक्तपोशीखाली कुणाचं तरी घर असतं.

आणि हो, कॅनमध्ये आरओ-डीआयचं पाणी भरा, नळाचं थेट नको.

महागडा सेन्सर घेतला की यंत्रणा भरवशाची होते, असं आपल्याला वाटतं. बॉयलर बनवणाऱ्यांनी मात्र प्रश्न उलटा विचारला: हा बिघडला तर पुढे काय? आपला एटीओ लावून झाला की हाच प्रश्न विचारा. सेन्सर हाताने दाबून धरा, पंप चालूच ठेवा आणि काय होतं ते समोर उभं राहून बघा. सुट्टीवर जाण्याआधी.

भेटू पुढच्या भागात.