‘आय + १’ चाले, मग ‘१ + आय’ का चालत नसे?

१/६
‘आय + १’ आणि ‘१ + आय’ यांची किंमत एकच, हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. तरीही संगणकाच्या इतिहासात असा काळ होऊन गेला की पहिले लिहिणे नियमाला धरून होते आणि दुसरे नियमबाह्य. त्या नियमाची ही कथा.

२/६
१९५७ मध्ये जॉन बॅकस यांच्या चमूने आयबीएम ७०४ या यंत्रासाठी फोर्ट्रान ही भाषा सिद्ध केली. ‘सूत्रांचे भाषांतर’ हा तिच्या नावाचाच अर्थ. मात्र अ‍ॅरेतील, म्हणजे आकड्यांच्या रांगेतील, कितवा आकडा हवा हे सांगण्यास मोजकेच साचे होते. ‘आय + १’ किंवा ‘२ × आय + १’ चाले. ‘१ + आय’ वा ‘आय × जे’ चालत नसे.

३/६
हा लहरीपणा नव्हता. ७०४ मध्ये अवघी तीन निर्देशक रजिस्टरे होती. ठरलेल्या साच्यातील क्रमांक त्यांच्या साहाय्याने झटपट काढता येत. कंपायलरने रचलेली आज्ञावली हाताने लिहिलेलीइतकी वेगवान असेल, यावर तेव्हा फारसा कोणाचा विश्वास नव्हता. म्हणून वेगापुढे सुसंगती मागे पडली.

४/६
१९६० च्या अल्गोल भाषेने वेगळी वाट धरली: क्रमांकाच्या जागी कोणतीही गणिती राशी लिहावी. एकच नियम, अपवाद नाही. तरी १९६६ च्या अमेरिकी प्रमाण फोर्ट्रानने जुनेच साचे कायम ठेवले. पूर्णांक व दशांश संख्यांची थेट बेरीजही तीत निषिद्धच राहिली.

५/६
आपल्याकडे १९६४ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० हा संगणक आला. देशभरातील संशोधक छिद्रित कार्डांवर फोर्ट्रान लिहून त्याच्याकडून गणिते सोडवून घेत. काही कंपन्यांचे कंपायलर प्रमाणापेक्षा अधिक मोकळीक देत. पण तिचा लाभ घेतलेली आज्ञावली दुसऱ्या यंत्रावर अडून बसे. म्हणून जपून लिहिणाऱ्यास साचेच पाळावे लागत.

६/६
अखेर १९७८ मध्ये मंजूर झालेल्या ‘फोर्ट्रान ७७’ ने क्रमांकाच्या जागी कोणतीही पूर्णांकी राशी मान्य केली आणि मिश्र बेरजेसही मुभा दिली. ७०४ केव्हाच इतिहासजमा झाला होता. त्याच्या रजिस्टरांसाठी केलेला नियम मात्र दोन दशके टिकला. नियम व्यापक झाला, तेव्हा कंपायलर रचणाऱ्याचे काम वाढले आणि असंख्य लिहिणाऱ्यांचे हलके झाले. भाषेतला एखादा नियम विचित्र वाटला, तर तो कोणत्या यंत्राच्या सोयीसाठी जन्मला हे अवश्य शोधावे.